एका सकाळची पारख

दिवाळीच्या फराळाच्या ताटाभोवती आपल्याकडे दोन गोष्टी हटकून होतात. यंदाची चकली कडक झाली की खुसखुशीत यावर वाद होतो, आणि घरातल्या मुलांचे भविष्य वर्तवले जाते. कोणी मामा, कोणी आत्याचे यजमान, करंजीचा तुकडा मोडीत मोडीत अंगणातल्या पोराकडे पाहतात आणि निकाल देऊन मोकळे होतात : "हा पोरगा नाव काढणार!" शेजारीच त्याचा धाकटा भाऊ फुसका निघालेला फटाका पुन्हा पेटवण्याच्या खटपटीत असतो. त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. बोललेच तर "हा आपला साधा आहे हो," एवढेच. आणि मग आधाराला ती सुप्रसिद्ध म्हण येतेच : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.

वाचकहो, या म्हणीशी माझे जुने भांडण आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. गळ्यात शिट्टी, हातात वही आणि डोक्यावर ऊन, हा माझा संसार. या एकतीस वर्षांत मी किती पोरांचे पाय पाहिले असतील याची मोजदाद नाही. पाळण्यातले नव्हेत, तर मैदानातले, धुळीने माखलेले, काहींचे अनवाणी. त्या अनुभवावरून मी सांगतो की पाय दिसतात हे खरे; पण ते कोठवर जाणार हे दिसत नाही. जो म्हणतो मला दिसते, तो एक तर ज्योतिषी असला पाहिजे, नाही तर निवड समितीचा सभासद. ज्योतिषाला निदान दक्षिणा परत मागता येते.

आपल्याकडे निवड कशी होते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. जिल्ह्याच्या गावी मैदानावर सकाळी सातपासून पोरे जमतात. कोणी आष्टीहून, कोणी धारूरहून, कोणी गेवराईहून, पहाटेची एस.टी. पकडून आलेली. छातीवर सेफ्टी पिनेने नंबर लावलेला. फलंदाजाला दहा-बारा चेंडू मिळतात, गोलंदाजाला सहा. खुर्च्यांवर बसलेली तीन मोठी माणसे चहा पितात, एकमेकांच्या कानाशी लागतात आणि कागदावर खुणा करतात. दुपारी एकपर्यंत यादी लागते. सहा चेंडूंत पोराच्या पुढच्या सहा वर्षांचा निकाल! न्यायालयात साध्या बांधाच्या भांडणालाही आपण याहून अधिक तारखा देतो.

आणि त्या सहा चेंडूंत पाहतात तरी काय? उंची पाहतात. अंगकाठी पाहतात. ज्याला मिसरूड फुटले तो डोळ्यांत भरतो. ज्याच्या खांद्यावर चाकांची मोठी पिशवी, पायांत खिळ्यांचे बूट, तो 'खेळाडू' दिसतो. मी दुसऱ्यांचे दोष सांगतो आहे असे कोणी समजू नये. त्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मी स्वतः कित्येक वर्षे बसलो आहे, आणि हा लेख माझ्याच अपराधाची कबुली आहे.

शतक उलटण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलांची निवड होती. माझ्याच शाळेतले दोन मुलगे शेवटच्या एका जागेसाठी उरले. एक चांगला उंच, रुंद खांद्यांचा. त्याचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात थाडकन बसे. दुसरा बारकेला, थोरल्या भावाचे बूट घालून आलेला; बुटांच्या पुढे कागद कोंबलेला. त्याचे पहिले दोन चेंडू भरकटले. पुढचे चार नेमके एकाच जागी पडले. ते मी पाहिले होते, हे आज कबूल करतो. पण मी उंच मुलाचे नाव घातले, आणि बारक्याच्या नावापुढे वहीत लिहिले : "हात चांगला, अंगाने बारीक. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी! ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोराच्या नावापुढे मी हे शब्द लिहिले होते. दसरा उलटला, मुकादमाकडून उचल घेतलेली घरे बिऱ्हाड बांधू लागली, आणि दिवाळीच्या मागेपुढे त्याचे आईबाप कारखान्याकडे निघाले. घरी ठेवायला कोणी नव्हते, त्यालाही नेले. पाडव्यानंतर ती टोळी परतली तेव्हा तो शाळेत आलाच नाही. माझी वही मात्र वाट पाहत बसली.

उंच मुलाचे काय झाले? काहीच झाले नाही. सोळाव्या वर्षी बाकीची मुले त्याच्या खांद्याला लागली, आणि मग कळले की त्याच्यापाशी उंचीखेरीज विशेष काही नव्हते. मुळात तो चौदाचा होता की सोळाचा, हेही देवालाच ठाऊक. आमच्याकडल्या शाळांच्या जुन्या दाखल्यांत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असे. पोराला शाळेत घालताना आईने सांगावे, "मोठा पाऊस झाला त्या साली झाला," आणि गुरुजींनी हिशेब जुळवून १ जून टाकावी. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पण त्या सोयीवर आम्ही वयोगट उभारले, आणि वयोगटांवर पोरांची नशिबे. आता क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय ठरवतात. ते चांगलेच आहे. परंतु खरे वय कळले तरी एकाच वयाच्या दोन मुलांत एकाचे अंग आधी भरते, दुसऱ्याचे तीन वर्षांनी. निवडणाऱ्याला वाटते आपण गुण निवडला. त्याने पुष्कळदा निवडलेली असते ती केवळ घाई.

त्या बारक्याची गाठ पुढे आठ-नऊ वर्षांनी पडली. एका लग्नासाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलो होतो. वाटेत साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. गाडीवानांची पोरे विटांच्या यष्ट्या करून खेळत होती. चेंडू लांब गेला तो एका तरुणाच्या पायाशी. त्याने तो उचलला आणि साठ-सत्तर पावलांवरून फेकला. चेंडू जमिनीला न टेकता सरळ विटांवर. मग तो माझ्याकडे वळून हसला : "वळखलं का, सर?"

आम्ही चहा घेतला. त्याच्या मनात किल्मिष नव्हते. उलट सरांनी चहा पाजला याचेच अप्रूप. तो भारताच्या संघातून खेळला असता असे मी म्हणत नाही. जिल्ह्याकडून तरी खेळला असता का, हेही मला सांगता येत नाही. आणि दुखणे नेमके हेच आहे, की ते आता कोणालाच कधी कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, एका पोराची गोष्ट सांगून काय सिद्ध होते? ठीक आहे. मग आपल्याच जिल्ह्यातल्या, सगळ्या जगाला माहीत असलेल्या माणसांकडे पाहू.

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. जन्म १९९४चा. शेतकऱ्याचा मुलगा, सहा किलोमीटरची वाट तुडवून शाळेला जाणारा. बारावीनंतर तो फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली. रीतसर स्पर्धेचे धावणे सुरू झाले ते २०१५ च्या सुमारास, आणि अडथळ्यांची तीन हजार मीटरची शर्यत त्याने धरली २०१७ मध्ये, बाविसाव्या वर्षी! पाळण्यातले पाय बघणाऱ्यांनी त्याला केव्हाच विसरून टाकले असते. २०१८ मध्ये त्याने गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियावाले घेऊन जात होते, त्यात मांडव्याच्या पोराने पाय रोवला. पुढे २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. मला कौतुक त्याचे आहेच. पण मला भीतीही वाटते. तो फौजेत गेला नसता तर? फौजेने त्याला चौदाव्या वर्षी पारखले नव्हते. फौजेने त्याला आधी भाकरी दिली, शिस्त दिली आणि धावायला वेळ दिला. पारख मागाहून झाली.

संजय बांगर यांचा जन्म बीडचा, १९७२चा. महाराष्ट्र आणि मुंबईच्या लहान वयोगटांतून ते खेळले, पण बस्तान बसले ते रेल्वेच्या संघात. भारताकडून पहिली कसोटी त्यांनी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला खेळली, वय एकोणतीस. आणि २००२ मध्ये हेडिंग्लीच्या ढगाळ हवेत सलामीला जाऊन त्यांनी ज्या ६८ धावा काढल्या, द्रविडसोबत १७० धावांची जी भागी रचली, तिच्या पायावर भारताने तो सामना डावाने जिंकला. त्यांची नोकरी आणि त्यांचा संघ त्यांना एकोणतिसाव्या वर्षापर्यंत खेळत ठेवू शकला, म्हणून आपल्याला ते ६८ दिसले.

आता माझ्या विरोधकांचा हुकमी एक्का मीच टाकतो. बीडचा सचिन धस. वडिलांनी नावच तेंडुलकरवरून ठेवले, लहानपणापासून बॅट हातात दिली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला, एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात, २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे ३२ धावांत चार गडी गेलेले. तेथून कर्णधार उदय सहारनसोबत १७१ धावांची भागी रचून या पोराने ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या. मग? पाय पाळण्यातच दिसले ना?

नाही. वडिलांनी भाकीत केले नाही. त्यांनी सोय केली. यांतला फरक नीट पाहा. भाकीत करणारा एक सकाळ बघतो. सोय करणारा वर्षानुवर्षे रोज बघतो, चुकलेला चेंडूही बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू टाकतो. हेच सुख त्या कागद कोंबलेल्या बुटांना मिळाले असते तर मी हा लेख लिहिलाच नसता. शिवाय एकोणीस वर्षांखालचे यश हाही शेवटचा निकाल नव्हे. २०१२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा काढून चषक आणणारा उन्मुक्त चंद भारताच्या मोठ्या संघातून एकदाही खेळला नाही; पुढे तो अमेरिकेला गेला. उलट सूर्यकुमार यादव भारताकडून पहिल्यांदा खेळला तो २०२१ मध्ये, तिसाव्या वर्षी. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २००८ मध्ये पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण घेतले. मोठ्यांच्या राष्ट्रकुलातले सुवर्ण आले ते २०१८ मध्ये. मधली दहा वर्षे कोणत्या पाळण्यात दिसली होती? ती त्याने तालमीच्या मातीत काढली.

जगाचा दाखला हवा असेल तर अमेरिकेचा घ्या. तेथे बेसबॉल नावाचा, क्रिकेटच्या लांबच्या भावंडासारखा खेळ आहे. पोरे हेरणे हा तेथे पगारी धंदा आहे. हेरणारी माणसे गावोगाव हिंडतात, प्रत्येक पोराच्या फटक्याला, धावेला, फेकीला वीस ते ऐंशी असे गुण देतात. पन्नास म्हणजे मध्यम. एवढा जामानिमा असूनही १९८० मध्ये बिली बीन नावाचा देखणा, सर्वगुणसंपन्न पोरगा त्यांनी पहिल्याच फेरीत उचलला, आणि मोठ्या संघांतून त्याचे दीडशे सामनेही झाले नाहीत. आणि १९८८ मध्ये माइक पियाझा नावाचा पोरगा बासष्टाव्या फेरीत, तेराशे नव्वदावा म्हणून घेतला गेला, तोही वडिलांच्या मैत्रीखातर. वशिला काही आपल्याच मुलखात पिकतो असे नाही! तोच पियाझा पुढे त्या खेळाच्या अमर खेळाडूंत २०१६ मध्ये जाऊन बसला.

तात्पर्य, पारखी तिकडेही चुकतात. पण त्यांची चूक पोराला संपवत नाही. तेथे मोठ्या संघांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांचे लहान संघ आहेत. अगदी शेवटच्या फेरीतला पोरगाही तेथे जातो, वर्षाला शंभरावर सामने खेळतो, आणि आपले म्हणणे बॅटीने मांडतो. आणि तेथले जाणते लोक नुसते किती धावा असे विचारीत नाहीत. विचारतात, कोणत्या वयात आणि कोणासमोर? एकोणीस वर्षांचे पोर तेवीस वर्षांच्या गड्यांसमोर टिकून राहिले, तर थोड्या धावांनाही ते मोठी किंमत देतात. पंचविशीतला बाप्या लहान पोरांना झोडपतो, तर त्याच्या धावा बाजूला ठेवतात. आपल्याकडे हा साधा प्रश्न कोण विचारतो? गावच्या मैदानावर, मुरमाच्या खेळपट्टीवर, थोरल्यांच्या चेंडूवर काढलेल्या तीस धावा आणि शहरातल्या हिरवळीवर काढलेल्या तीस धावा आपण एकाच रकान्यात लिहितो, आणि बेरीज बरोबर आली म्हणून समाधान मानतो.

निवड समितीवाले म्हणतील, पोरे शेकड्यांनी येतात, दिवस एक, माणसे तीन; आम्ही करावे तरी काय? ही अडचण खरी आहे, मी ती भोगली आहे. पण अडचण खरी असली म्हणजे रीत योग्य ठरत नाही. माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

पहिली मागणी अशी की निवड वर्षातून दोनदा आणि तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. एकदा दसऱ्याच्या आधी, आणि एकदा अक्षय तृतीयेनंतर, कारखान्यावरून टोळ्या परतल्यावर. ज्या जिल्ह्यातून इतकी घरे दरसाल कोयता घेऊन बाहेर पडतात, तेथे ऐन हंगामात निवड ठेवणे म्हणजे अर्धे मैदान रिकामे ठेवून 'मुलेच येत नाहीत' असा शेरा मारणे होय. हंगामी वसतिगृहांत किंवा आजीपाशी जी मुले मागे राहतात, त्यांच्यापर्यंतही कोणी जात नाही.

दुसरी, पोर आज किती उंच उडते हे लिहा, पण सहा महिन्यांनी किती वाढले तेही लिहा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठीही उंची, धाव, उडी यांच्या चाचण्या घेतात. मोजणे वाईट नव्हे. पण एकदाच मोजणे म्हणजे विहिरीचे पाणी श्रावणात मोजून उन्हाळ्याचा हिशेब करणे. बीडकराला हे वेगळे सांगायला नको.

तिसरी, सतरा ते वीस या वयात आणखी एक दार उघडे ठेवा. उशिरा अंग धरणाऱ्याला, उशिरा शहर पाहणाऱ्याला त्या दारातून आत येता यावे.

आणि चौथी मागणी जड वाटेल. प्रत्येक निवडकर्त्याने आपण कोणाला घेतले, कोणाला वगळले आणि का, हे लिहून ठेवावे. आणि पाच वर्षांनी तीच वही चारचौघांत उघडावी. मी माझी वही निवृत्तीनंतर उघडून बसलो. निम्म्याहून अधिक ठिकाणी माझे भाकीत चुकले होते. लाज वाटली, पण शहाणपण आले. डॉक्टरच्या चुकीचा बोभाटा होतो, वकिलाची चूक निकालात दिसते. फक्त पोरे निवडणाऱ्याची चूक कधी उघडकीला येत नाही. कारण ज्याला वगळले तो पुन्हा मैदानावर दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्याविषयी आपण खुशाल म्हणतो, त्याच्यात काही नव्हतेच.

हे सारे दिवाळीच्या अंकात, सणाच्या दिवशी कशाला, असे कोणाला वाटेल. त्याला कारण आहे. तुम्ही हा अंक हाती घ्याल त्या दिवसांत आमच्या भागातल्या रस्त्यांवरून गाड्या निघालेल्या असतात. वर भांडी, वळकट्या, शेळी, आणि त्या सगळ्यांवर बसलेली पोरे. त्यांच्यात कोणी अविनाश आहे असे मी म्हणत नाही. नाही असेही म्हणवत नाही.

म्हणून दोन विनंत्या करून संपवतो. फराळाला आलेल्या मामांनी थोरल्याचे भविष्य जरूर सांगावे, पण धाकट्याचे सांगू नये. त्याला एक चेंडू आणून द्यावा आणि दोन वर्षे गप्प बसावे. आणि गावोगावच्या शिक्षकांना सांगणे एवढेच की दिवाळीनंतर वर्गातली जी बाके रिकामी होतात, त्यांवरच्या पोरांची नावे वहीत लिहून ठेवा. पुढे 'पुढच्या वर्षी पाहू' असे मात्र लिहू नका. वैशाखात टोळी परतेल, त्या आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि त्यांना मैदानावर घेऊन या. मी एकदा गेलो नव्हतो.